क्राफ्टच्या दुकानातून मॉडेल रेल्वेचं सामान: काय घ्यावं, काय ठेवून यावं

क्राफ्टच्या मोठ्या साखळी दुकानांत मॉडेल रेल्वेसाठी असा विभाग बहुतेक वेळा नसतोच. असलाच तर शाळेच्या प्रकल्पांच्या शेल्फवर वुडलँड सीनिक्ससारख्या कंपनीची चार-दोन पाकिटं दिसतात. तरीही लेआउटवरचं, म्हणजे रूळ आणि देखावा मांडलेल्या फळीवरचं, निम्मं निसर्गचित्र याच दुकानातून उभं राहू शकतं: डोंगर, झाडं, गवत, पाणी, घरांच्या भिंती, दिवे. फक्त तिथली प्रत्येक वस्तू दुसऱ्याच कामासाठी बनवलेली असते. फुलांचे गुच्छ, माळा, नाताळची सजावट, स्क्रॅपबुक असं काहीतरी. त्यामुळे पाकिटावरचं नाव आणि चित्र बाजूला ठेवून दोनच प्रश्न विचारायचे. ही वस्तू माझ्या स्केलमध्ये (म्हणजे मॉडेल खऱ्यापेक्षा जितक्या पट लहान, त्या प्रमाणात) केवढी दिसेल? आणि गोंद, पाणी, रंग लागल्यावर ती कशी वागेल?

रूळ, पॉइंट (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा सांधा), गाडीचा वेग ठरवणारा कंट्रोलर, डबे जोडणारं कपलिंग, चाकं आणि रुळांना वीज पुरवणाऱ्या वायरी मात्र इथे शोधू नका. या वस्तू हॉबीच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातूनच घ्याव्यात.

खिशात मोजपट्टी आणि एक चिठ्ठी

दुकानात जाताना मिलिमीटरच्या खुणा असलेली छोटी स्टीलची पट्टी, एक लहान चुंबक आणि स्वतःच्या स्केलची मापं लिहिलेली चिठ्ठी सोबत ठेवा. हिशोब सोपा आहे: खऱ्या वस्तूचं माप मिलिमीटरमध्ये घ्यायचं आणि स्केलच्या आकड्याने भागायचं. मॉडेल रेल्वेच्या नेहमीच्या स्केलची नावं अशी: एचओ म्हणजे १:८७ (खऱ्याच्या ८७ पट लहान), ओओ १:७६, एन १:१६०.

एचओमध्ये १.७० मीटर उंचीचा माणूस साडेएकोणीस मिलिमीटरचा होतो, २.१ मीटरचं दार २४ मिलिमीटरचं, साडेचार मीटरची मोटार ५२ मिलिमीटरची आणि दहा मीटरचं झाड साडेअकरा सेंटिमीटरचं. हीच मापं एनमध्ये जवळजवळ अर्धी होतात: माणूस साडेदहा, दार १३, मोटार २८ मिलिमीटर आणि झाड सव्वासहा सेंटिमीटर. ओओवाल्यांनी एचओच्या आकड्यांत साधारण सातवा हिस्सा वाढवून धरावा.

ही चिठ्ठी सगळ्यात जास्त कामी येते ती खेळण्यांच्या आणि नाताळच्या रांगेत. धातूच्या छोट्या खेळण्यातल्या मोटारी साधारण १:६४ च्या आसपास असतात. साडेचार मीटरची गाडी त्यात ७० मिलिमीटरची होते, म्हणून एचओच्या फाटकावर उभी केली की ट्रकएवढी दिसते. नाताळच्या गावातली माणसं तर त्याहून मोठी. पाच सेंटिमीटर उंचीची मूर्ती म्हणजे जवळपास १:३४. दूरवर ठेवलं तर चालेल असं वाटतं, पण दूरची वस्तू मोठी दिसली की अंतराचा भासच मोडतो. मागच्या बाजूला ठेवायचं काही असेल तर ते स्केलपेक्षा थोडं लहान हवं, मोठं कधीच नको. बाहुलीघराचं सामान बहुतेक १:१२ मध्ये असतं. ती रांग सरळ सोडून पुढे जा.

डोंगर आणि जमीन

पांढरा, दाण्यादाण्यांचा थर्माकोल क्राफ्टच्या दुकानात गोळे, शंकू आणि ठोकळे अशा रूपात मिळतो. डोंगराचा गाभा भरायला तो चालतो, पण कापताना दाणे सुटतात आणि स्थिर विजेमुळे सगळीकडे चिकटतात. ते दाणे रुळांत आणि गाडीच्या गिअरमध्येही जातात. मोठं काम असेल तर बांधकाम साहित्याच्या दुकानातला इन्सुलेशनचा, सलग पोताचा फोम घ्या. तो स्वच्छ कापला जातो आणि आकारमानाच्या हिशोबाने बहुधा स्वस्तही पडतो.

फोमच्या बाबतीत तीन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, साधा स्प्रे पेंट. त्यातलं द्रावण आणि वायू फोम विरघळवतात आणि पृष्ठभागावर खड्डे पडतात. फोमवर पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंगच लावा. दुसरी, झटपट चिकटणारा सायनो गोंद. तोही थर्माकोल खातो. तिसरी, दोन जाड फोमच्या तुकड्यांमध्ये फासलेला पांढरा गोंद. आत हवा पोचत नाही, त्यामुळे मधला भाग कित्येक दिवस ओलाच राहतो. अशा जोडाला फोमसाठी म्हणून विकला जाणारा गोंद वापरा, किंवा कमी तापमानाची ग्लू गन. जास्त तापमानाची गन फोम वितळवते.

फोमवर कवच म्हणून प्लास्टरच्या पट्ट्या उत्तम. म्हणजे प्लास्टर माखलेलं जाळीचं बँडेज. मास्क बनवण्याच्या सामानात ते सापडतं. किती घ्यायचं याचा अंदाज इथे बरेच जण चुकतात. समजा डोंगराचा भाग ६० × ९० सेंटिमीटरचा आहे. सपाट क्षेत्रफळ ०.५४ चौरस मीटर. चढउतारामुळे प्रत्यक्ष पृष्ठभाग त्याच्या दीडपट, म्हणजे सुमारे ०.८. दोन थर लावायचे म्हणजे १.६ चौरस मीटर. रोल १० सेंटिमीटर रुंद आणि साडेचार मीटर लांब असेल तर एकात ०.४५ चौरस मीटर कापड येतं. म्हणजे चार रोल लागतात. पट्टी पाण्यात एक-दोन सेकंदच बुडवा. जास्त वेळ ठेवली तर प्लास्टर पाण्यात उतरतं आणि हातात नुसती जाळी उरते. ज्या बाजूला प्लास्टर जास्त दिसतं ती वर ठेवा आणि ओल्या बोटाने चोळून जाळीची भोकं बुजवा.

हवेत वाळणारी माती मोठ्या पृष्ठभागावर लावू नका. ती वाळताना आकसते आणि भेगा पडतात. छोटे खडक, दगडी बांध, पाण्याच्या टाकीचा चौथरा एवढ्यापुरती ती चांगली.

नोटिस बोर्डासाठी विकला जाणारा कॉर्कचा रोलही पाहून ठेवा. तीन मिलिमीटरचा असेल तर एन स्केलच्या रुळांखाली किंवा एचओच्या साइडिंगखाली (मुख्य मार्गाच्या बाजूच्या रुळांखाली) अंथरता येतो. एचओच्या मुख्य मार्गाखाली साधारण पाच मिलिमीटर जाडी लागते. उरलेले तुकडे हाताने मोडा. मोडलेली कड थरांच्या खडकासारखी दिसते.

वाळू आणि खडी

रंगीत वाळूच्या बाटल्या पाहिल्या की रुळांखालच्या खडीचा प्रश्न सुटला असं वाटतं. आधी माप बघा. खरी खडी साधारण ५० मिलिमीटरची धरली तर एचओमध्ये दाणा ०.५७ मिलिमीटरचा आणि एनमध्ये ०.३१ मिलिमीटरचा हवा. दाणा एक मिलिमीटरचा असेल तर एन स्केलमध्ये तो १६ सेंटिमीटरचा धोंडा होतो. मत्स्यालयाची रेती तर कुठल्याच छोट्या स्केलला चालत नाही. पट्टीवर चिमूटभर दाणे पसरून एका ओळीत लावा आणि एका सेंटिमीटरमध्ये किती बसतात ते मोजा. एचओसाठी पंधरा ते वीस, एनसाठी तीसच्या आसपास.

दुसरी परीक्षा चुंबकाची. काही वाळूत लोहाचे काळे कण असतात. मॉडेल इंजिनातल्या विजेच्या मोटरमध्ये कायमचुंबक असतो, तो हे कण ओढून घेतो आणि मग ती मोटर घासत घासत निकामी होते. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून वाळूवरून फिरवा. पिशवीला कण चिकटले तर ती वाळू रुळांजवळ नको. दुकानात बाटली उघडता येत नाही, म्हणून लहान बाटली आणून घरी ही तपासणी करा आणि मगच जास्त घ्या.

तिसरी परीक्षा रंगाची. रंगवलेली वाळू ओल्या गोंदात अनेकदा रंग सोडते. राखाडी खडीच्या कडेला जांभळट डाग पडतात आणि स्लीपरही (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) रंगतात. कागदावर चमचाभर वाळू घेऊन पातळ गोंदाने भिजवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर रंगाचं कडं दिसलं तर ती वाळू बाद. न रंगवलेली वाळू बसवून नंतर ॲक्रिलिकच्या पातळ पाण्याने रंगवणं जास्त खात्रीचं.

खडी बसवताना ती कोरडीच ब्रशने सारखी करा आणि स्लीपरच्या वर एकही दाणा राहू देऊ नका. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारून ओली करा आणि त्यानंतर ड्रॉपरने एकास एक पाणी मिसळलेला गोंद सोडा. आधी ओली केली नाही तर गोंदाचा थेंब गोळा होऊन बसतो आणि दाणे सोबत ओढून खड्डे पाडतो. पॉइंटच्या हलत्या पात्यांजवळ गोंद जाऊ देऊ नका, आणि वाळेपर्यंत अधूनमधून पॉइंट हलवत राहा.

गोंद

पांढऱ्या पीव्हीए गोंदाची मोठी बाटली घ्या, पण लेबल वाचून. शाळेच्या रांगेतला ‘धुता येणारा’ गोंद वाळल्यानंतरही पाण्याने मऊ पडतो. एका ठिकाणचं गवत चिकटवून झालं, पुढच्या आठवड्यात शेजारी ओलं काम केलं, की आधीचं सुटायला लागतं. सुतारकामाचा किंवा साधा क्राफ्टचा पीव्हीए हवा. गवत, माती, पाला यासाठी एक भाग गोंद, दोन भाग पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब.

चित्रकलेच्या रांगेत मॅट मीडियम मिळतं, म्हणजे ॲक्रिलिक रंगात मिसळायचं, न चमकणारं द्रव. ते पीव्हीएपेक्षा महाग, पण वाळल्यावर चमकत नाही आणि थोडं लवचीक राहतं. प्रेक्षकाच्या डोळ्यासमोरच्या पहिल्या वीतभर भागात ते वापरा, मागे पीव्हीए. एवढ्यात पैशांचा आणि दिसण्याचा मेळ बसतो. दुकानाच्या सूट कुपनावर एकच महाग वस्तू घ्यायची असेल तर मॅट मीडियमची मोठी बाटली ही चांगली निवड.

झाडं, झुडपं, गवत

दुकानाचा सगळ्यात फायद्याचा कोपरा फुलांच्या सजावटीचा. तिथे वेळ काढा.

सांगाड्यासाठी फुलांची तार घ्या. तारेच्या गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. २२ गेजची ०.६४ मिलिमीटरची, २६ गेजची ०.४०. एचओच्या बारा सेंटिमीटरच्या झाडासाठी २२ गेजचे बारा ते पंधरा तुकडे, प्रत्येकी वीस सेंटिमीटर. खालचा चार सेंटिमीटर भाग एकत्र पिळला की खोड झालं. वर दोन-दोन, तीन-तीन तारा वेगळ्या करून पिळत जा म्हणजे फांद्या होतात. अगदी खालची टोकं मुळांसारखी पसरवा. गोंदात थोडी बारीक माती कालवून दोन हात द्या, मग रंग. इथे हात चॉकलेटी रंगाकडे जातो, पण बहुतेक झाडांची साल राखाडी असते. काळा, पांढरा आणि थोडासा बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळा.

पालवीसाठी उशीत भरायचा पॉलिस्टरचा कापूस लागतो. हिरव्या किंवा काळपट रंगात बुडवून वाळवा आणि चिमटीभर कापूस पारदर्शक होईपर्यंत ताणा. मग फांद्यांवर पसरून हेअर स्प्रे मारा आणि वरून फोमचा भुसा भुरभुरवा. कापूस दाट राहिला तर झाड ढगासारखं दिसतं. पलीकडचा उजेड दिसलाच पाहिजे.

फोमचा भुसा घरीही होतो. गादीतल्या फोमचे तुकडे पातळ ॲक्रिलिक रंगात पिळून, पूर्ण वाळवून जुन्या मिक्सरमध्ये दळायचे. तो मिक्सर पुन्हा खाण्यासाठी वापरू नये. फुलं खोचायचा हिरवा ठिसूळ फोम मात्र दळू नका. तो वेगळ्या रसायनाचा असतो आणि त्याची बारीक धूळ श्वासात जाणं चांगलं नाही.

सुकवलेल्या फुलांच्या जुड्यांमध्ये बारीक, दाट फांद्यांची देठं शोधा. यॅरोची सुकी फुलं त्यासाठी प्रसिद्ध आहेत. खोड, फांद्या, डोलारा सगळं तयार मिळतं. घरी आणल्यावर पिशवीत बंद करून दोन-तीन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा म्हणजे किडे राहणार नाहीत. मग पातळ मॅट मीडियममध्ये बुडवून उलटी टांगा, नाहीतर पहिल्याच धक्क्याला चुरा होतो. टिकवलेलं शेवाळ झुडपांपुरतं ठीक. झाडाचा डोलारा म्हणून वापरलं की त्याच्या जाड टोकांवरून लगेच ओळखू येतं. त्यावरही फोमचा भुसा हवाच.

नाताळच्या सुमारास बाटली घासायच्या ब्रशसारखी छोटी सूचिपर्णी झाडं येतात. ती एकदम सरळ शंकूची असतात, त्यामुळे कात्रीने वेडीवाकडी कापा. काही फांद्या मुळापासूनच काढा, खालची बैठक उपटा, चमकी झटका, स्प्रेचा गोंद मारून भुसा लावा. जंगलाच्या मागच्या ओळींसाठी ती झटपट होतात. प्लॅस्टिकच्या पानांच्या गुच्छातली नेच्याची टोकं उष्ण प्रदेशातल्या झाडीसाठी चालतात, मात्र मॅट वार्निशशिवाय त्यांची चकाकी जात नाही.

उंच वाळक्या गवतासाठी तागाची सुतळी. सहा ते दहा मिलिमीटरचे तुकडे कापा, एका टोकाला गोंद लावा, रोवा आणि वाळल्यावर वरचं टोक उसवा. मोठ्या कुरणासाठी कृत्रिम फरचं कापड. फिकट, पेंढ्याच्या रंगाचं घ्या. हिरवं फर कितीही रंगवलं तरी गालिच्यासारखंच दिसतं. पाठीकडून गोंदाने चिकटवा, केस कापायच्या यंत्राने चार ते आठ मिलिमीटरवर आणा (एचओमध्ये गुडघाभर गवत म्हणजे सहा मिलिमीटर) आणि पातळ ॲक्रिलिक लावता लावता कंगवा फिरवा. न विंचरता रंग लावला तर केसांच्या जटा होतात. फेल्ट कापड गवत म्हणून घेऊ नका.

रंग निवडताना दुकानाच्या दिव्यांवर विसंबू नका. तिथला हिरवा जवळपास नेहमीच जास्त भडक असतो. थोडा पिवळा ऑकर (मातकट पिवळा रंग) किंवा किंचित लाल मिसळला की तो जमिनीवर येतो. शक्य असेल तर आधी एकच पाकीट आणून लेआउटच्याच दिव्याखाली बघा.

इमारती, लाकूड, कागद

विटांच्या नक्षीचा कागद घ्यायचा तर दहा थर मोजा. वीट आणि सांधा मिळून थर सुमारे ८५ मिलिमीटरचा धरला तर दहा थर एचओमध्ये पावणेदहा-दहा मिलिमीटर, एनमध्ये साडेपाच मिलिमीटरच्या आत बसायला हवेत. स्क्रॅपबुकचे बहुतेक कागद इथेच नापास होतात. पन्हाळीच्या कार्डाचंही तसंच. दोन उंचवट्यांमध्ये तीन मिलिमीटर अंतर असेल तर एचओमध्ये ते २६ सेंटिमीटर होतं, असा पत्रा कुठल्याच छपरावर नसतो. हाच कार्ड १:२२.५ च्या बागेतल्या रेल्वेला मात्र अगदी बरोबर बसतो.

भिंतींसाठी पाच मिलिमीटरचा फोमकोर (दोन कागदांमध्ये फोम असलेला पुठ्ठा) छान, पण एकाच बाजूने ओला रंग लावला की तो वाकतो. दोन्ही बाजूंना रंग द्या.

लाकडात बाल्साऐवजी बासवुडच्या पट्ट्या घ्या. बाल्साचे तंतू जाड असतात आणि रंग लागला की उठून दिसतात. आइस्क्रीमच्या काड्यांचा गठ्ठा जरूर घ्या. एक काडी साधारण दहा मिलिमीटर रुंद, म्हणजे एचओमध्ये ८७ सेंटिमीटरची फळी, तशी ती निरुपयोगी. उभी चिरून २.६ मिलिमीटरच्या पट्ट्या केल्या आणि ३० मिलिमीटर लांबीला कापल्या की रुळांकडेला रचून ठेवायचे जुने स्लीपर तयार. अर्धा लिटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दोन छोटे चमचे काळी इंडिया इंक मिसळून त्यात बुडवा. काही तासांत पावसात राहिलेल्या लाकडाचा करडा रंग चढतो. चिकटवण्याआधीच बुडवा, कारण गोंद लागलेल्या जागी शाई शोषली जात नाही आणि पांढरे डाग राहतात.

गंज आणि धूळ दाखवायला खडूसारखे कोरडे पेस्टल हवेत. त्याच शेल्फवर तेलकट पेस्टल जवळजवळ तशाच खोक्यात असतात. त्यांची भुकटी होत नाही, म्हणून नाव नीट वाचा. क्राफ्टचे स्वस्त ॲक्रिलिक जमीन, खडक आणि भिंतींना पुरतात. इंजिन-डब्यांवर त्यांचा थर जाड बसून बारीक नक्षी बुजते, तिथे मॉडेलचेच रंग वापरा.

दागिन्यांच्या रांगेतून बारीक साखळी घ्यावी. एचओच्या मालडब्यावर लाकडं बांधायला एका सेंटिमीटरमध्ये निदान दहा कड्या हव्यात. दोन मिलिमीटरचे मणी दिव्यांचे गोल म्हणून चालतात. तारायंत्राच्या खांबांमध्ये ओढायला मण्यांचा लवचीक धागा सर्वांत बरा, कारण हात लागला तरी खांब मोडत नाही. दागिन्यांची तार विजेसाठी वापरू नका. ती बऱ्याचदा ॲल्युमिनियमची किंवा लेपाची असते आणि सोल्डर धरत नाही.

दिवे आणि पाणी

तांब्याच्या बारीक तारेवरच्या एलईडी माळा घरांत लावायला सोयीच्या. त्या बहुधा तीन व्होल्टवर चालतात. लेआउटच्या १२ व्होल्टला थेट जोडल्या तर जळतात. माळेतला एक पांढरा एलईडी कापून १२ व्होल्ट डीसीवर चालवायचा असेल तर त्याच्यासोबत एक किलो-ओहमचा रेझिस्टर (वीजप्रवाह कमी करणारा छोटा भाग) लावा. तारेवर पारदर्शक लेप असतो, तो खरवडल्याशिवाय जोड लागत नाही. रुळांच्या कंट्रोलरवरून दिवे घेऊ नका. गाडीच्या वेगाबरोबर उजेड कमीजास्त होईल आणि दिशा बदलली की विझेल. बटन सेलची माळ असेल तर सेल लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवा. ते गिळले गेले तर जिवावर बेततं.

पाण्यासाठी दोन भागांचं रेझिन घेतलं तर लेबलवरचं प्रमाण काटेकोर मोजा. अंदाजाने ओतलेलं रेझिन चिकटच राहतं. एका वेळी तीन मिलिमीटरहून जास्त ओतू नका. जाड थर स्वतःच तापतो, खालचा फोम वितळवतो आणि बुडबुडे अडकतात. ओतण्याआधी नदीच्या तळाला आणि काठाला दोनदा गोंद किंवा वार्निश द्या. रेझिन सुईएवढ्या भोकातूनही खाली गळतं. हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच. लाटांसाठी वाळलेल्या रेझिनवर चकचकीत ॲक्रिलिक जेल ब्रशने थोपटा. लहानसा ओहोळ असेल तर नुसत्या जेलवरही भागतं, रेझिनची गरज नाही.

किती आणि केव्हा

पाकिटांची तुलना आकारमानावर करा. मोठं खोकं आणि आत तळाशी थोडासा भुसा, हे सर्रास दिसतं. मॉडेल रेल्वेचं किंवा ‘प्रकल्पाचं’ लेबल लागलेल्या पाकिटाशेजारी तीच वस्तू फुलांच्या रांगेत सुट्या रूपात आहे का, ते आधी पाहा. सूट कुपन बहुतेकदा एकाच वस्तूला लागतं आणि आधीच किंमत कमी केलेल्या मालाला लागत नाही. म्हणून ते कटिंग मॅट, रेझिन, फोम कापायची गरम तार अशा महाग वस्तूसाठी राखा. सणाचा माल सण उलटला की काढून टाकतात. सूचिपर्णी झाडं आणि दिव्यांच्या माळा तेव्हाच घ्याव्यात.

शेवाळ, फर, सुती कापड, रंगीत वाळू यांचा रंग दर खेपेला थोडा बदलतो. एका टेकडीला लागेल तेवढा माल एकाच वेळी, एकाच लॉटचा घ्या, वर पाव हिस्सा दुरुस्तीसाठी जादा. पाकिटाचं लेबल कापून लेआउटच्या खालच्या बाजूला चिकटवून ठेवा, म्हणजे पुढे तोच रंग शोधताना नाव आणि क्रमांक हाताशी असेल.